एक अंशावरची संत्री

नामदेवकाकांनी दुपट्ट्याची गाठ सोडली आणि आतली संत्री माझ्या टेबलावर मांडली.

‘‘हे पाह्य गा मनोहर. सोमवारी पेट्या घरी नेल्या तवा सोन्यासारखे होते.’’

सालीवर खोलगट तपकिरी डाग पडले होते, कुणी बोटाने दाबून ठेवल्यासारखे. दोन-तीन फळांवर हिरवी बुरशी चढायला लागली होती. मी एक सोलून फोड तोंडात टाकली. आंबूस, दारूसारखा वास. थुंकून टाकावी लागली.

‘‘रोग हाय का बागेले?’’ काकांनी विचारलं.

‘‘आधी चेंबर बघून येतो,’’ म्हणालो आणि एक डागी फळ हातात घेऊन उठलो.

चेंबर म्हणजे कोल्ड स्टोरेजमधली थंड खोली. जाड भिंती, आतून थर्मोकोल, छताखाली अमोनियाच्या नळ्या. दाराशेजारी एक डायल असतो, आतलं तापमान बाहेरच दिसतं. मी पेट्यांचं लाकूड बघायला बालाघाटकडे गेलो होतो, तिकडे तीन-साडेतीन आठवडे मोडले आणि आदल्याच दिवशी परतलो होतो. जाताना डायलचा काटा साडेसहावर होता. आता तो एकवर होता.

हे कोल्ड स्टोरेज नागपूरला कामठी रोडवर होतं. सत्तरच्या दशकाचा शेवट. त्या काळी बटाट्याची कोल्ड स्टोरेजेस बरीच होती, पण संत्री ठेवण्याची हिंमत फारसं कुणी करत नसे. आमच्या शेठजींनी केली. मृगाचा बहार, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला फुलून फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरणारं फळ, लग्नसराईपर्यंत टिकवायचं, असा बेत होता. त्यासाठी त्यांना एक शिकलेला माणूस पाहिजे होता. मी एमएस्सी, वनस्पतिशास्त्र. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बापाचा काटोलला तेलाचा घाणा. त्याने जवस, तीळ, करडई पिळून मला शिकवलं. ही गोष्ट मी कधी लपवली नाही, उलट दोनदा सांगितली.

नामदेवकाका आमच्या घाण्याचं गिऱ्हाईक आणि बापाचे मित्र. त्यांच्या गावच्या बागाईतदारांची एक सोसायटी होती. त्या लोकांना कोल्ड स्टोरेजचा भरवसा नव्हता. शेठजींनी मला त्यांच्या सभेला पाठवलं. मी सगळं समजावलं, तरी कुणी पुढे येईना. शेवटी काका उठून म्हणाले, ‘‘हा आपला पोरगा हाय, शिकून आला. याच्या शब्दावर मी पेट्या ठेवतो.’’ मग सगळ्यांनीच ठेवल्या. चेंबर नंबर दोन त्या एका गावाच्या पेट्यांनी भरला. त्यातल्या काकांनी तेवढ्या आपल्या पेट्या त्या सोमवारी काढून नेल्या होत्या, बाकीच्यांच्या अजून आतच होत्या.

डायल बघून मी सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. मॅनेजर देशकर साहेब, राहायला धरमपेठेत. मेकॅनिकल इंजिनीअर. उत्तरेकडे पंधरा वर्षं सफरचंदाची कोल्ड स्टोरेजेस चालवलेला माणूस. कंप्रेसरच्या आवाजावरून कुठला व्हॉल्व्ह बिघडला ते सांगायचे. त्यांच्या कामात ते हुशारच होते, हे मी आजही म्हणतो.

‘‘सर, दोन नंबर एकवर आहे.’’

‘‘मीच आणलाय,’’ ते म्हणाले. ‘‘सफरचंद एक अंशावर सहा महिने राहतं. संत्र्याची साल तर त्याहून जाड. साडेसहावर ठेवून तुम्ही मशीन अर्धवट चालवत होतात.’’

‘‘सर, संत्र्याला एक अंश चालत नाही. पेशीपटल जातं.’’

‘‘काय जातं?’’

आता हे वाचकांनाही सांगितलं पाहिजे, म्हणून जरा थांबतो.

कुठलंही फळ पेशींचं बनलेलं असतं. पेशी म्हणजे एक बारीक खोली, आत पाणी, साखर, आम्लं, क्षार. या खोलीभोवती एक अतिशय पातळ पडदा असतो. तो म्हणजे पेशीपटल. पडदा म्हटल्यावर कापड किंवा कागद डोळ्यांसमोर येतो, पण तो असतो स्निग्ध पदार्थाचा, म्हणजे तेला-तुपाच्या जातीच्या रेणूंचा. हे रेणू दोन थरांत उभे असतात. त्यांची डोकी पाण्याकडे, शेपट्या एकमेकींकडे. मध्ये अशी तेलकट पट्टी तयार होते. पाण्यात विरघळलेला क्षार किंवा साखर या पट्टीतून आपली आपण जाऊ शकत नाही. ती जाते पडद्यात जागोजागी बसवलेल्या दारांतून. ही दारं प्रथिनांची. कुठलं दार काय आत घेईल, काय बाहेर सोडेल, हे ठरलेलं असतं. पेशी जिवंत आहे म्हणजे या दारांवरचा बंदोबस्त चालू आहे.

पण दार हलायचं तर चौकट सैल पाहिजे. पडदा तेलासारखा पातळ असतो तोवर दारं हलतात. पडदा गोठला की अडकतात. शिवाय गोठलेल्या आणि न गोठलेल्या भागांच्या सांध्यात फटी पडतात. मग क्षार बाहेर झिरपतात, आम्लं नको तिथे जातात, पेशी आतून बसते. बऱ्याच पेशी एका जागी बसल्या की सालीवर खड्डा दिसतो.

किती थंडीत गोठेल ते पडद्यात कुठलं तेल आहे त्यावर असतं. मी हे घाण्यावर वाढताना पाहिलं होतं. नागपूरकडच्या थंडीत खोबरेलाची बाटली दगड होते, शेगडीजवळ ठेवावी लागते. जवसाचं तेल त्याच थंडीत धारेने पडतं. सफरचंद थंड मुलखाचं झाड, त्याचा पडदा जवसाकडे झुकलेला. आपलं संत्रं ऊन खाणारं, त्याचा पडदा त्या मानाने लवकर घट्ट होतो. साडेसहाला ते आळसावतं. एक अंशाला त्याची दारं अडकतात.

आणि यातली खरी गोम पुढे आहे. चेंबरमध्ये हे काहीच दिसत नाही. थंडीत सगळंच हळू चालतं, नासणंसुद्धा. फळ आतून मोडलेलं असतं आणि वरून चकचकीत दिसतं. बाहेरच्या उन्हाळ्यात आणलं की तीन-चार दिवसांत डाग उमटतात. तोवर ते फळ मालकाच्या घरी पोचलेलं असतं.

हे सगळं मी देशकर साहेबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘तेलाचं तुमच्या घरी चालतं,’’ ते म्हणाले. ‘‘इथे अमोनिया चालतो.’’

मग त्यांनी काकांच्या फळावरची हिरवी बुरशी नखाने खरवडून मला दाखवली. ‘‘हे काय आहे, सायंटिस्ट?’’

‘‘बुरशी. पण ती मागून आली. आधी साल मेली, मग तिला शिरकाव मिळाला.’’

‘‘ते तुमचं मत. बुरशी बागेतून येते, हे जगाचं मत.’’

त्याच दिवशी संध्याकाळी मला कळलं की काकांना द्यायचं उत्तर तयार झालं होतं. नामदेवच्या बागेला बुरशीचा रोग होता, तो पेट्यांतून आला, कोल्ड स्टोरेजचा संबंध नाही, असं एक सर्टिफिकेट टाईप करून ठेवलं होतं. खाली माझं नाव आणि माझी डिग्री. सही तेवढी बाकी होती.

मी सही केली नाही. शेठजींना भेटायला गेलो. म्हटलं, दोन दिवसांचा वेळ द्या, सगळ्यांसमोर दाखवून देतो. शेठजी माणूस गोड. ते म्हणाले, ‘‘प्रोफेसर, मेरे को सायन्स समझता नहीं. पण दाखव. सोसायटीवाल्यांनाही बोलावतो. सबके सामने होऊन जाऊ दे.’’ मला वाटलं, माझी बाजू ऐकली. त्यांच्या मनात काय होतं ते दोन दिवसांनी कळलं.

मी माझ्या जुन्या कॉलेजात गेलो आणि सरांकडून एक यंत्र मागून आणलं. पाण्यातून वीज किती वाहते हे त्याचा काटा दाखवतो. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. त्यात क्षार उतरले की काटा चढतो. काकांच्या झाडांवर शेंड्याला मागे राहिलेली थोडी फळं होती, ती त्यांनी आणून दिली. ती एका बाजूला. दुसऱ्या बाजूला दोन नंबरमधली, आजच काढलेली, एकही डाग नसलेली फळं, तीही काकांच्या नव्हे, सोसायटीचे अध्यक्ष अण्णाजी यांच्या पेटीतली. दोन्हींच्या सालीच्या सारख्या मापाच्या चकत्या पाडायच्या, धुवायच्या आणि वेगवेगळ्या भांड्यांत शुद्ध पाण्यात ठेवायच्या. पडदा शाबूत असेल तर क्षार आत राहतील. फाटला असेल तर पाण्यात येतील. डोळ्यांना जे दिसत नाही ते काटा सांगेल.

शिवाय दोन वाट्या रात्रभर चेंबरमध्ये ठेवल्या होत्या. एक खोबरेलाची, एक आमच्या घाण्यावरच्या जवसाच्या तेलाची.

एप्रिलचा मधला आठवडा होता. बाहेर रस्ता तापलेला. सोसायटीचे लोक उघड्या ट्रकमधून घाम निथळत आले. शेठजींनी त्यांना आधी माझ्या टेबलाकडे आणलं नाही. आधी चेंबर नंबर दोनमध्ये नेलं. त्या थंडाव्यात शिरल्यावर माणसांचे चेहरेच बदलले. अण्णाजींनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि दोन मिनिटं डोळे मिटून उभे राहिले. शेठजींनी पेट्या उघडायला लावल्या. तणसात, म्हणजे भाताच्या पेंढ्यात, बसवलेली संत्री, प्रत्येकावर दिवा चमकत होता. फोटोग्राफरही बोलावलेला होता. अण्णाजींच्या हातात एक फळ देऊन त्याने फोटो काढला.

‘‘नामदेव, हे पाह्य,’’ अण्णाजी म्हणाले. ‘‘आमचे त नवरीसारखे हायेत.’’

काकांनी त्यातलं एक उचलून अंगठ्याने दाबून पाहिलं.

मग सगळे माझ्या टेबलाजवळ आले. मी दोन्ही वाट्या उपड्या केल्या. जवसाचं तेल ताटलीत सांडलं, खोबरेल वाटीला चिकटून राहिलं. लोक हसले, त्यांना गंमत वाटली. मग मी यंत्राच्या तारा पहिल्या भांड्यात बुडवल्या. झाडावरच्या फळाचं पाणी. काटा जरासा हलला. दुसऱ्या भांड्यात बुडवल्या. काटा सरकत सरकत अर्ध्याच्या पुढे गेला.

‘‘हे कोनाचं फळ व्हय?’’ कुणीतरी विचारलं.

‘‘अण्णाजींचं. आता तुम्ही आत पाहिलं, त्याच पेटीतलं.’’

देशकर साहेब मागून म्हणाले, ‘‘साल कापली की रस गळणारच.’’

‘‘दोन्ही सारख्याच कापल्या आहेत, सर. गळला एकीचाच.’’

मला वाटलं, जिंकलो.

अण्णाजींनी घसा साफ केला. ‘‘म्हंजे तू काय म्हनून राहिला मनोहर? आमच्या पेट्या बी गेल्या?’’

‘‘दिसत नाही अजून. पण हो, सगळ्याच. आजच बाहेर काढा, आजच्या आज रसाला विकून टाका. घरी नेऊन ठेवाल तर हेच डाग पडतील.’’

आज मी त्या क्षणाकडे बघतो तेव्हा मला त्या लोकांचा राग येत नाही. त्यांच्यासमोर दोन गोष्टी होत्या. माझं खरं मानलं तर सगळ्या गावाचं फळ गेलं होतं. देशकर साहेबांचं खरं मानलं तर एकट्या नामदेवचं गेलं होतं. आणि डोळ्यांनी पाहिलेलं फळ चमकत होतं. एका काट्यासाठी कोण आपला माल बुडाला म्हणून कबूल करेल?

तेव्हा मात्र राग आला. अण्णाजी काकांकडे न बघता बोलले. ‘‘नामदेवच्या बागेले पानी जास्त होते. मी मागंच म्हनलो होतो.’’

‘‘कवा म्हनला तू?’’ काकांनी विचारलं.

‘‘म्हनलो होतो. तुह्या ध्यानात नसन.’’

मग दुसरा एक म्हणाला, नामदेवच्या कोपऱ्यातली झाडं दोन वर्षांपासून पिवळी पडून राहिली. तिसऱ्याला आठवलं, त्याच्या पेट्यांचं तणस ओलं होतं. ज्यांनी काकांच्या एका शब्दावर पेट्या ठेवल्या होत्या, त्यांनीच बघता बघता त्यांच्या बागेला रोगी ठरवलं. देशकर साहेबांना मध्ये पडायची गरजच उरली नाही. शेठजींनी सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं. माझी सही नाही म्हटल्यावर ते अण्णाजींना म्हणाले, ‘‘आप ही बोल रहे हो, तो आप ही लिख दो. सोसायटी की तरफ से.’’ अण्णाजींनी सही केली. बाकीच्यांनी खाली केल्या.

काका माझ्याकडे वळले. ‘‘तुह्या मशीनमंदी खोट त नाही ना गा?’’

‘‘नाही काका.’’

‘‘मंग ठीक हाय,’’ ते म्हणाले. दुपट्टा खांद्यावर टाकला आणि ट्रकची वाट न बघता बसस्टॉपकडे चालत गेले.

मला महिनाअखेरीस, उद्यापासून येऊ नका, असं सांगण्यात आलं. देशकर साहेबांनी स्वतः केबिनमध्ये बोलावून सांगितलं, चहा मागवून. त्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, ‘‘तुम्ही कॉलेजात शोभाल. तिथे फळ विकायचं नसतं.’’

मे महिन्यात लग्नाच्या तिथी सुरू झाल्या तशा सोसायटीने पेट्या काढल्या. काढल्या त्या दिवशी फळ सुंदर होतं. चौथ्या दिवशी सगळ्या गावात डाग उमटले. अण्णाजी आणि मंडळी भाड्याची जीप करून कामठी रोडला आली. ही हकिगत मला तिथल्या ऑपरेटरने नंतर सांगितली. शेठजींनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, सर्टिफिकेट आणायला लावलं आणि त्यांच्याच सह्या त्यांना दाखवल्या.

‘‘आप ही ने तो लिखा है, बागेचा रोग. पहले एक के यहाँ था. अब पूरे गाँव में फैल गया.’’

आपल्याच तोंडचं वाक्य परत गिळणं अवघड असतं. आणि त्या वाक्याने पुढच्या हंगामात आणखी एक काम केलं. आमच्याकडे व्यापारी झाडावरचा बहार आधीच बघून ठरवतात. ‘रोगी बागा’ हे कळमेश्वरपासून वरूडपर्यंत पोचलं होतं. त्या गावाकडे त्या वर्षी गाड्या वळल्याच नाहीत. काकांची झाडं सगळ्यांत चांगली लगडली होती. ती झाडावरच पिकली आणि खाली पडली. दोन वर्षांनी त्यांनी अर्धी बाग काढून तिथे तूर पेरली.

गाड्या वळल्या नाहीत त्याच हंगामात कोल्ड स्टोरेजच्या चेंबर नंबर दोनवर पाटी लागली: ‘संत्रा – ६.५ अंश. बदलू नये. – मॅनेजर’. दुसऱ्या गावांचं फळ त्यात उत्तम टिकलं. देशकर साहेबांचा कुठल्याशा सभेत सत्कार झाला आणि त्यांनी संत्र्याचा स्वभाव सफरचंदाहून वेगळा असतो यावर भाषण केलं. त्यात तेलाचं उदाहरण होतं असं ऐकलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही.

मी पुढे कामठीला एका कॉलेजात लागलो आणि तिथूनच रिटायर झालो. दरवर्षी पोरं पेशीपटलाची आकृती काढत. दोन थर, मध्ये दारं, रंगीत पेन्सिलीने छान काढत. मी दोन वाट्यांचा प्रयोग करून दाखवायचो आणि एवढंच सांगायचो, की फळाची परीक्षा चेंबरमध्ये उभं राहून करायची नाही. बाहेर काढायचं, चार दिवस उन्हाळ्यात ठेवायचं आणि मग बोलायचं. ते हे वहीत लिहून घेत. परीक्षेत कधी विचारलं गेलं नाही.

बाप गेला तेव्हा काका भेटायला आले होते. त्यांना पोचवायला मी त्यांच्या घरी गेलो. ओसरीतल्या खिळ्यावर एक जुनं कॅलेंडर होतं, तारखांचे कागद केव्हाच फाटून गेलेले, नुसतं चित्र उरलेलं. कामठी रोडच्या त्याच कोल्ड स्टोरेजचं. उघडी पेटी, चमकणारी संत्री आणि त्यातलं एक हातात धरून हसणारे अण्णाजी. त्या वर्षी शेठजींनी ते काटोलकडच्या घराघरांत वाटलं होतं.

मी विचारलं, ‘‘काका, हे काहून ठेवलं अजून?’’

काकांनी चित्राकडे पाहिलं, बिडी विझवली.

‘‘त्या फोटोतले,’’ ते म्हणाले, ‘‘अजून बी खराब नाही झाले.’’